वाचकांचे प्रश्न : हरणासाठी गोळी कोणती?

प्रश्न : टेक्सासच्या हिल कंट्रीत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. रायफल .३०८ विंचेस्टर. रेंजवर १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच होलो पॉइंट गोळ्यांनी नेम फार छान बसतो. त्याच चालतील का? की १५० किंवा १८० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट घेऊ?

उत्तर : मॅच गोळी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची गोळी, नको. तिच्या टोकाचं बारीक भोक हे ती घडवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी ठेवलेलं नसतं. त्यामुळे ती कधी हाडावर आपटून फुटते, तर कधी सुईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर झुडपात दूरवर जाऊन तडफडत राहतं. हे टाळणं शिकाऱ्याचं पहिलं काम. पूर्ण धातूच्या आवरणाची, बंद नाकाची गोळी तर अनेक राज्यांत हरणासाठी बेकायदाच आहे.

१५० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅमची सॉफ्ट पॉइंट घ्या. नाकाशी उघडं असलेलं मऊ शिसं आत शिरताच अळंबीसारखं फुलतं आणि फुप्फुसात रुंद जखम करतं. १८० ग्रेन एल्कसारख्या थोराड जनावराला ठीक. हिल कंट्रीतली हरणं लहानखुरी, त्यांच्या बरगड्यांतून ती पुरती फुलण्याआधीच बाहेर पडू शकते. जवळून फऱ्याच्या हाडावर बार बसण्याची शक्यता असेल तर बाँडेड गोळी बरी. तिचं शिसं आवरणाला जखडलेलं असतं, सुटून विखुरत नाही.

फऱ्यामागची काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. शंभर यार्डांवर तीन बार दीड-दोन इंचांत बसले की पुरे. मात्र नेम शिकारीच्याच काडतुसांनी लावा. गोळी बदलली की तीच रायफल शंभर यार्डांवर एक-दोन इंच इकडेतिकडे मारू शकते.

एच-१बी व्हिसावर असाल तर आधी राज्याचा शिकार परवाना काढा. त्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं सहसा संघीय कायद्याने गुन्हा ठरतं.

प्रश्न : कॅलिफोर्नियात शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची त्याच वजनाची घ्यायची का?

उत्तर : तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाला बंदी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या पिळाला (गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांना) ती स्थिर फिरवणं जड जातं. एक पायरी खाली या : .३०८ मध्ये १८०ऐवजी १५० किंवा १५०ऐवजी १३० ग्रेन. तांब्याची गोळी तुकडे न होता वजन राखते, त्यामुळे हलकी असूनही खोल जाते. पण तिला फुलायला वेग लागतो. बऱ्याच गोळ्या सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या खाली नीट उमलत नाहीत. खोक्यावरचा तक्ता बघून आपलं अंतर ठरवा. नळी आधी नीट साफ करा, मग नव्याने नेम लावा.

बंदी नसलेल्या राज्यातही घरात लहान मूल किंवा गरोदर बाई हे मांस खाणार असेल, तर तांबंच घ्या. शिशाचे कण जखमेपासून बरेच लांब, डोळ्यांना न दिसता मांसात पसरतात आणि खिम्यात मिसळून जातात.