लकवा झाल्यावर हॉस्पिटलमध्येच जोरात व्यायाम सुरू केला तर रुग्ण लवकर बरा होतो का?

व्यायाम हवाच, पण पहिल्या दिवसापासून रेटून नको. लवकर आणि जास्त हालवलं की फायदाच, असं अनेक डॉक्टरांनाही वाटायचं. ‘ॲव्हर्ट’ चाचणीत ५ देशांतल्या २,१०४ रुग्णांवर हे तपासलं आणि २०१५ मध्ये निकाल उलटा आला. २४ तासांच्या आत वारंवार, जास्त वेळ उठवलेल्यांपैकी ३ महिन्यांनी ४६ टक्के जण चांगल्या स्थितीत होते. नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ५० टक्के. नंतरच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ, पण अनेकदा उठवणं बरं दिसलं.

चांगल्या हातात मिटन (बोटं वापरता येऊ नयेत असा जाड हातमोजा) घालून लुळ्या हाताला तासन्‌तास काम देण्याची थेरपी खरी आहे. पण २००६ च्या ‘एक्साइट’ चाचणीत तिचा फायदा दिसला तो लकव्याला ३ ते ९ महिने झालेल्यांत, आणि त्यांच्या मनगट-बोटांत थोडी तरी हालचाल उरलेली होती. त्यामुळे यूट्यूब बघून वॉर्डातच चांगला हात बांधू नका.

आणि उठवताना लुळा हात धरून ओढणं आधी थांबवा, खांदा निखळू शकतो. हे बरेच नातेवाईक करतात, अगदी प्रेमाने. कसं उठवायचं ते फिजिओथेरपिस्टकडून स्वतः शिकून घ्या.