‘पप्पा, काढा ना!’

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी संपली की एक प्रश्न माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, ठरल्यासारखा येतो. देवबाग-तारकर्लीकडे कुटुंबांना होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नेणाऱ्या सहली वाढल्या, तसा तो जास्तच येऊ लागला. “मॅडम, हौसेने मासे पकडायला नेलं आणि मुलगा रडूनच परत आला. फार हळवा आहे का हो?” किंवा बरोबर उलट: “मासा तडफडत होता आणि आमची मुलगी टाळ्या पिटत होती. निर्दय निघेल का?”

एका घरातून तर हे दोन्ही प्रश्न एकदमच आले. भावाची काळजी आईवडिलांना, बहिणीची आजीला. (नावं आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.) नीरज आठ वर्षांचा, सई पाच. वडील मूळचे मालवण तालुक्यातले, नोकरीपायी डोंबिवलीत.

आधी माझी एक कबुली. मी मासे खात नाही. त्यामुळे हकिगत ऐकताऐकताच मनातल्या मनात मी मुलाच्या बाजूने उभी राहिले होते. ‘बिचारं कोवळं पोर, कशाला न्यायचं असल्या ठिकाणी?’ हा माझ्या ताटातला निकाल होता, त्याच्या मनातला नव्हे. तो बाजूला ठेवायला मला एक अख्खी भेट लागली.

घडलं होतं ते असं. सकाळी कर्लीच्या खाडीत होडी गेली. होडीवाल्या काकांनी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं आणि गळाला लावायला सुंगटाचे, म्हणजे कोलंबीचे, तुकडे दिले. अर्ध्या तासात नीरजच्या तंगुसाला हिसका बसला आणि तळहाताएवढा तांबोशी मासा वर आला. सगळ्यांनी मोबाइल काढले. मासा पायाशी आपटायला लागला तसा नीरज किंचाळायला लागला आणि किनाऱ्यावर येईपर्यंत थांबला नाही. त्यानंतर महिनाभर घरात मासे तळायला घेतले की तो ताटावरून उठे. “याच्या पण तोंडात गळ होता का?” आई सांगे, “अरे, हा जाळ्यातला.” पटत नसे.

वडील दुखावले होते. “माझ्या बाबांनी मला सहाव्या वर्षी खाडीवर नेलं. आमच्या घरातल्या मुलाला गरवायला आवडलंच पाहिजे, मॅडम. एवढंसं बघून रडतो, पुढे कसा टिकणार?”

माझं शिक्षण अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरचं. ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं सांगणारे हे मानसशास्त्रज्ञ. त्यामुळे ‘च’ ऐकला की माझे कान टवकारतात. “आवडलं तर बरं वाटेल, असं म्हणून बघा,” मी म्हटलं. ते म्हणाले, पण जड गेलं. मग बराच वेळ गप्प बसले आणि एकदम सांगू लागले, बाबा गेले त्या वर्षी यांनी गरवायची गरी माळ्यावर टाकली ती टाकलीच. मुलाच्या हातात तंगूस दिला तो तेव्हापासून पहिल्यांदा. त्या एका तांबोशीवर आजोबांचं केवढं ओझं होतं, ते त्या बिचाऱ्या पोराला काय ठाऊक!

नीरज बोलत नव्हता. तिसऱ्या भेटीत मी त्याच्यापुढे लोकरीचा धागा, एक यू-क्लिप आणि खोडरबर ठेवलं. काही विचारलं नाही. त्याने क्लिप वाकवून गळ केला, खोडरबरात रुतवला, धागा ओढला. आणि मग गळ काढायला लागला. निघेना. तो डावीकडे फिरवी, उजवीकडे फिरवी. खोडरबराचे तुकडे पडायला लागले.

“काय करतोयस?”

“निघत नाहीये. तेव्हा पण निघत नव्हता.”

“मग कोणाला सांगितलंस?”

“सांगितलं ना! सगळे हसले.”

घरातल्या कोणालाच हे आठवत नव्हतं. मी वडिलांना विचारलं, त्या दिवसाचा व्हिडिओ आहे? होता. एका मिनिटाच्या आतला. माझ्या टेबलावर आम्ही तिघांनी तो पाहिला. सुरुवातीलाच, आरडाओरड्याच्या खाली, नीरजचा आवाज येतो: “पप्पा, काढा ना!” आणि लगेच वडिलांचा, अगदी प्रेमाचा: “काढतोय रे, काढतोय. हलू नको.”

मुलगा गळ काढायला सांगत होता. बाप फोटो काढत होता.

वडिलांनी तो तुकडा तीनदा मागे नेऊन ऐकला. चौथ्यांदा फोन उलटा ठेवला आणि नीरजकडे न बघताच म्हणाले, “माका वाटला तू फोटो म्हणतंस.” एरवी ते माझ्यासमोर कधी मालवणी बोलले नव्हते. इतक्या वर्षांत मी बरंच काही ऐकलंय, पण दोन अक्षरांच्या क्रियापदाने एवढा घोळ घातलेला दुसरा आठवत नाही. आणि हो, व्हिडिओ मागायचं मला सुचलं याचा थोडा अभिमानही आहे.

तिथून सगळं सोपं झालं असं नाही, पण गाठ कुठे आहे ते कळलं. नीरजला माशाची दया आली होती, ती होतीच. पण तो किंचाळला ते आपल्या हातून काहीतरी मरतंय, ते थांबवायचं कसं हे माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते हसतायत, म्हणून. अशा मुलाला ‘घाबरू नको’ सांगून धीर येत नाही. पुढे काय करायचं ते हाताला शिकवलं की येतो.

खोटं तर मुळीच सांगू नये. ‘माशाला काही दुखत नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात म्हटलं जातं आणि समोर तडफडणारा मासा पाहिलेल्या मुलाचा आपल्यावरचा विश्वास तिथेच उडतो. ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे संवेदक असल्याचं दाखवलं. मासा ते आपल्यासारखंच अनुभवतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मी नीरजला इतकंच सांगितलं: “त्याला त्रास होतो. म्हणून लवकर आणि नीट करायचं.” तो म्हणाला, “म्हणजे कसं?” ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते, तो हाच.

उत्तर माझ्याकडे नव्हतं, होडीवाल्या काकांकडे होतं. वडिलांनी त्यांना फोन लावला आणि नीरजने वहीत लिहून घेतलं. मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला तर गळ सहज सुटतो. मासा सोडायचा असेल आणि त्याने गळ खोल गिळला असेल तर ओढाताण करायची नाही, तोंडाजवळ तंगूस कापून टाकायचा. ठेवायचा की सोडायचा, हे पाण्यात गळ टाकण्याआधीच ठरवायचं. ठेवायचा तर काका तो लगेच मारतील, पायाशी आपटत राहू द्यायचा नाही. लहान असेल तर वाद नाही, परत पाण्यात. आपल्या राज्यातही 2023 पासून 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे, पापलेट 135 मिलिमीटरच्या खालचं धरायचं नाही. हा आकडा नीरजला फार आवडला. पट्टी घेऊनच जाणार म्हणाला.

आणि सई? आजीला मी विचारलं, टाळ्या पिटून झाल्यावर ती काय म्हणाली? आजीला आठवलं: “आता तो घरी जाणार ना?” पाच वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे कायमचं, हे बहुधा पुरतं उमगलेलं नसतं. तिला मासा नाचताना दिसला. तिला निर्दय म्हणण्याआधी एवढं विचारलं असतं तरी आजीची झोप वाचली असती.

असल्या सहलीला नेणाऱ्यांना मी आता आधीच काही गोष्टी सांगते. मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट असल्याची खात्री करा, मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही. लहानग्यांना तासभर पुष्कळ झाला. शिंगाळा मासा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका, त्याचा काटा विषारी असतो. मुलाला एक काम द्या, बादली सांभाळण्याचं का असेना. आणि एखाद्याला नुसतं बसून पाणी बघायचं असेल तर बघू द्या. आजोबांची गरी त्याच्यासाठी माळ्यावर थांबेल.

मे महिन्यात, मासेमारी बंदीच्या आधी, ते पुन्हा गेले. नीरजकडे पक्कड, कात्री आणि पट्टी. त्याच्या तंगुसाला काहीच लागलं नाही. सईला मात्र शिंगाळा लागला. “कोणी हात लावू नका, काटा आहे!” असं ओरडून नीरजने सगळ्यांना मागे सारलं, काकांच्या हातात पक्कड दिली, आणि मासा पाण्यात जाईपर्यंत श्वास रोखून उभा राहिला. घरी तो आता कोलंबी खातो, तांबोशी नाही. त्यात मी पडले नाही.

हे सगळं त्याच्या आईने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, “एखादा फोटो पाठवा ना.”

“अय्या,” ती म्हणाली, “कोणी काढलाच नाही.”