समीक्षणाचा भार कोणी, किती उचलावा?

प्रश्न : मी मुंबईतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. निरनिराळ्या नियतकालिकांकडून शोधनिबंधांच्या समीक्षणासाठी, म्हणजे निबंध छापण्यापूर्वी तपासून संपादकाला अभिप्राय कळवण्यासाठी, सतत विचारणा होते. माझे काही सहकारी मात्र एकही समीक्षण करीत नाहीत. तासिका, उत्तरपत्रिका आणि लोकलचा प्रवास सांभाळून मी वर्षाला किती समीक्षणे करावीत?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या प्रत्येक निबंधासाठी दोन-तीन अनोळखी तज्ज्ञ विनामोबदला वेळ देतात. तेवढीच परतफेड आपण करावी आणि ती सहलेखकांत वाटून घ्यावी, हा सर्वांत सरळ हिशेब होय. मात्र छापून आलेले निबंध मोजून भागत नाही, पाठवलेले मोजावे लागतात. कारण एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे धाडला की समीक्षकांना पुन्हा नव्याने कामाला जुंपले जाते, आणि नेमके हेच देणे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. समजा, आपण वर्षभरात फेरपाठवणी धरून चार निबंध पाठवले, प्रत्येकावर तीन लेखक आहेत आणि प्रत्येक निबंध तिघा समीक्षकांनी वाचला, तर आपल्या वाट्याला चार समीक्षणे येतात. दोन्ही सहलेखक आपले विद्यार्थी असतील, तर त्यांचा वाटा मार्गदर्शकाने उचलणे योग्य, म्हणून बारा धरावीत. त्यापुढच्या विनंत्या निःसंकोच नाकाराव्यात, पण त्याच दिवशी. उत्तरच न देता संपादकाला ताटकळत ठेवणे हे नकारापेक्षा वाईट.

सहकाऱ्यांविषयीची आपली तक्रार रास्त आहे, पण सगळा दोष त्यांचा नसावा. जैववैद्यकीय नियतकालिकांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की, २०१५ मध्ये २० टक्के संशोधकांनी ६९ ते ९४ टक्के समीक्षणे केली. उपलब्ध होऊ शकणारे समीक्षक मात्र गरजेपेक्षा अधिकच होते. म्हणजे माणसांचा तुटवडा नाही. संपादक ओळखीच्या, वेळेवर काम देणाऱ्या नावांकडेच पुन्हा पुन्हा वळतात, आणि जो काम करतो त्याच्याच गळ्यात आणखी काम पडते. म्हणून नकार कळवताना त्या विषयातील दोन-तीन तरुण संशोधकांची नावे आवर्जून सुचवावीत. ज्यांना अद्याप कोणी विचारलेलेच नाही, अशी नावे आपल्या विभागातही सापडतील.

समीक्षण करून गुण कमवावेत आणि निबंध पाठवताना ते खर्चावेत, अशी योजना जेरेमी फॉक्स आणि ओवेन पेची या परिस्थितीशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सुचवली होती. कल्पना आकर्षक आहे, परंतु गुणांसाठी उरकलेले समीक्षण लेखकाच्या काय उपयोगाचे? (मोठे प्रकाशक याच फुकट श्रमांवर भरघोस नफा मिळवतात, हा प्रश्न वेगळा, पण तो मनात येतोच.)

प्रश्न : मी पीएच.डी.चा विद्यार्थी आहे. सर मला समीक्षणे लिहायला देतात आणि ती स्वतःच्या नावाने पाठवतात. हे योग्य आहे का?
— एक विद्यार्थी, कलिना

उत्तर : शिकण्यासाठी लिहिणे चांगले, नाव लपवणे योग्य नाही. अप्रकाशित निबंध गोपनीय असतो, त्यामुळे तो आपल्याला दाखवण्यापूर्वी सरांनी संपादकाची परवानगी घ्यायला हवी, आणि अहवालासोबत आपलाही सहभाग कळवायला हवा. ‘सर, संपादकांना माझेही नाव कळवाल का? म्हणजे पुढे ते मलाच थेट विचारतील,’ असे म्हटल्यास त्यात सरांचा अवमान होत नाही आणि त्यांच्यावरचा भारही हलका होतो.