नागरिकत्वाची परीक्षा : साताऱ्या-सांगलीच्या घरांतून आलेले प्रश्न

परीक्षा परदेशात असते, पण तिची काळजी इकडे गावाकडेच जास्त केली जाते. कुणाची आई मुलाकडे न्यू जर्सीत, कुणाचा भाऊ लेस्टरला, कुणाची मुलगी जर्मनीत नर्स. मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर अशा मंडळींची तयारी करून घेते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं आज घेते आहे.

बाई, माझी आई ६७ वर्षांची आहे. न्यू जर्सीत भावाकडे राहते, ग्रीन कार्डला १६ वर्षं झाली. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. वयामुळे फक्त २० प्रश्न पाठ करायचे असतात असं भाऊ म्हणतो. आई चौथी शिकलेली, इंग्रजी जेमतेम. जमेल का तिला? (कराड)

जमेल. पण भावानं दोन सवलतींची गल्लत केली आहे. ती आत्ताच सुटली नाही तर आई २० प्रश्न पाठ करून जातील आणि अधिकारी भलताच प्रश्न विचारेल.

२० प्रश्नांची सवलत मिळते ती ६५ वर्षं वय आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, या दोन्ही अटी अर्जाच्या दिवशी पूर्ण असतील तरच. तुमच्या आईंना लागू होते ती ५५ वर्षं वय आणि १५ वर्षं वास्तव्याची सवलत. तिच्यात इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीतून देता येतात. दोन्ही भाषा नीट येणारा दुभाषी मात्र आपणच न्यायचा. प्रश्नसंच पूर्ण करावा लागतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवा संच आहे: एकूण १२८ प्रश्न, परीक्षा तोंडी, २० पर्यंत प्रश्न विचारतात, १२ बरोबर आले की पास. जुना १०० प्रश्नांचा संच अजून यूट्यूबवर फिरतो आहे, त्यावर वेळ घालवू नका. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर नवा संच उत्तरांसह फुकट मिळतो.

चौथी शिकलेल्या बाईला राज्यघटना काय कळणार, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तुमच्या आईंनी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मतं दिली असतील. कोणतं काम कुणाच्या दारात न्यायचं हे त्यांना पक्कं माहीत आहे. तिथूनच सुरुवात करा. पासपोर्ट केंद्राचा आणि सातबारा राज्याचा, हे कळणाऱ्या माणसाला अमेरिकेत नोटा छापणं आणि युद्ध पुकारणं केंद्राकडे, तर शाळा आणि ड्रायव्हिंग लायसन राज्याकडे, हे एका दुपारी समजतं. आपल्या राज्यसभेच्या खासदाराची मुदत सहा वर्षं, तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या सदस्याची, म्हणजे सिनेटरचीही सहा. खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या सदस्याची मात्र दोनच. आपली घटना ‘आम्ही भारताचे लोक’ अशी सुरू होते, त्यांची ‘आम्ही लोक’ अशी. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ या तिन्ही शाखा तर आपल्याकडेही आहेतच. एवढं मनात बसलं की पाठ करायला नावं आणि साल उरतात. रोज चार-पाच प्रश्न, तेही फोनवर मोठ्यानं बोलून घ्या. परीक्षा तोंडी आहे, तेव्हा वहीत लिहून काढल्यानं फारसं साधत नाही.

राष्ट्राध्यक्ष, आपल्या राज्याचे सिनेटर, गव्हर्नर ही नावं निवडणुकीनंतर बदलतात. मुलाखतीच्या आठवड्यात ती पुन्हा तपासा. पहिल्या वेळी नाही जमलं तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा बोलावतात आणि राहिलेला भागच घेतात. हे आईंना आधीच सांगून ठेवा. अर्धी भीती तिथेच जाते.

इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेला माझा धाकटा भाऊ तिथल्या नागरिकत्वासाठीच्या ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेत दोनदा नापास झाला. ॲपवर रोज सराव करतो, तिथे भरपूर मार्क पडतात. सनावळ्या डोक्यात राहत नाहीत म्हणतो. (विटा)

ॲपवर तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं ओळखीची होतात. परीक्षेत २४ प्रश्न, ४५ मिनिटं, आणि पास व्हायला १८ बरोबर लागतात. प्रश्न सरकारी हँडबुकावरून काढलेले असतात. तेव्हा महिनाभर ॲप बंद करायला सांगा आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लावा. ॲप शेवटच्या आठवड्यात, फक्त स्वतःला तपासायला.

आता सनावळ्या. खानापूर तालुक्यात वाढलेल्या मुलाच्या डोक्यात शिवकाळाच्या सनावळ्या आधीच आहेत. प्रतापगडावर अफझलखान मारला गेला १६५९ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परत आला. महाराज आग्र्याहून निसटले १६६६ मध्ये, आणि लंडनची मोठी आग त्याच वर्षीची. संभाजी महाराजांची हत्या १६८९ ची. राजाच्या अधिकारांना चाप लावणारा इंग्लंडचा ‘बिल ऑफ राइट्स’ कायदाही १६८९ चा. औरंगजेब मेला आणि शाहू महाराज सुटले १७०७ मध्ये. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेही १७०७ मध्येच. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ चं, मतदारसंघांची फेरमांडणी करणारा रिफॉर्म ॲक्टही १८३२ चा. बार्डोलीचा सत्याग्रह १९२८ चा, आणि ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं २१ व्या वर्षी मताचा हक्क मिळाला तोही १९२८ मध्ये. अशा जोड्या भावाला स्वतः लावू द्या. एका बाजूला आपलं साल, दुसऱ्या बाजूला त्यांचं. मी ज्यांच्याकडून हे करून घेतलं, त्यांना मग पुस्तकातला इतिहास परका वाटेनासा झाला. इंग्लंडच्या गादीसाठी झालेली हॅरॉल्ड आणि विल्यमची १०६६ ची लढाई किंवा राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी १२१५ ची मॅग्ना कार्टा ही सनद यांना आपल्याकडे सोयीची जोडी नाही. ती दोन साल घोकायचीच.

परीक्षा सात दिवसांनंतर पुन्हा देता येते, पण दर वेळी फी नव्यानं भरावी लागते. म्हणून घाई नको. आणि एक बघा: नाव नोंदवताना भावाचं नाव ओळखपत्रावर आहे अक्षरशः तसंच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून येतं, कधी पहिल्या नावाला जोडून येतं. त्यात फरक पडला तर परीक्षेला बसूच देत नाहीत आणि पैसेही जातात.

बहीण-दाजी ब्रॅम्प्टनला आहेत. दाजींना ५५ पूर्ण व्हायला तीन महिने आहेत. कॅनडात त्यांना परीक्षा द्यावी लागेल का? (फलटण)

कॅनडात परीक्षा आणि भाषेचा पुरावा दोन्ही १८ ते ५४ वयापर्यंतच लागतात. वय धरतात ते अर्जावर सही केलेल्या दिवशीचं. तीनच महिने असतील तर दाजींनी थांबावं, यात कमीपणा काही नाही. ताईंचा अर्ज मात्र वेगळा लगेच टाकायला हरकत नाही. त्यांना २० पैकी १५ बरोबर आणावे लागतील, आणि ‘डिस्कव्हर कॅनडा’ ही सरकारी पुस्तिका त्याला पुरते. ती फुकट मिळते.

मुलगी मिरजेत नर्सिंग करून जर्मनीत गेली. तिथे ३१० प्रश्नांची परीक्षा असते असं ऐकलं. ड्युटी सांभाळून एवढं कसं होणार? (मिरज)

३१० हा आकडा ऐकून घाबरू नका. त्यातले ३०० प्रश्न सगळ्या जर्मनीला सारखे आणि १० ती राहते त्या राज्याचे. प्रत्यक्ष परीक्षेत ३३ येतात, ३० सामायिक आणि ३ राज्याचे. तासाभराचा वेळ असतो, १७ बरोबर आले की झालं. सगळे प्रश्न आधीच जाहीर आहेत. नोकरी करणाऱ्या मुलीला ही परीक्षा अवघड नाही. अवघड आहे ती भाषा. नागरिकत्वासाठी जर्मन बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचा व्यवहार स्वतः सांभाळता येईल इतकी, लागते आणि प्रश्नही जर्मनमध्येच असतात. म्हणून दोन्ही तयाऱ्या वेगळ्या करू नका. रोज दहा प्रश्न जर्मनमध्ये वाचायचे, न कळलेले शब्द वहीत घ्यायचे, आणि वॉर्डातल्या सहकाऱ्यांशी त्यावर बोलायचं.

घटनेवरचे प्रश्न तिला आवडतील असं मला वाटतं. जर्मनीची घटना मे १९४९ मधली, आपली संविधान सभेनं त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वीकारली. त्यांचं पहिलंच कलम म्हणतं की माणसाच्या प्रतिष्ठेला कुणी धक्का लावू शकत नाही. रात्रपाळीत म्हाताऱ्या रुग्णाची कूस बदलणाऱ्या मुलीला ते कलम कुणी समजावून सांगायला नको.

मुलगा ऑस्ट्रेलियात परीक्षा पास झाला, पुढच्या महिन्यात शपथ आहे. आमची तासगावात द्राक्षबाग आहे. ती त्याच्या नावावर राहील ना? (तासगाव)

दादा, हे परीक्षेच्या पुस्तकात नसतं, पण शपथेच्या आधी प्रत्येक घरानं विचारलं पाहिजे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो आणि इथलं मत जातं. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड, मिळतं. त्यावर येणं-जाणं, राहणं सोपं होतं. पण ते नागरिकत्व नव्हे.

ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीचं बक्षीसपत्रही त्याच्या नावे करता येत नाही. वारसाहक्कानं आलेली जमीन मात्र तो ठेवू शकतो. म्हणजे बाग आज तुमच्या नावावर असेल तर वारस म्हणून ती पुढे त्याच्याकडे जाऊ शकते, पण ‘मी आहे तोवर नावावर करून टाकतो’ म्हणून दस्त करायला गेलात तर अडचणीत याल. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमिनीचं बक्षीसपत्र चालत नाही, तेव्हा शपथेआधी केलं तरी तेच. काही करायचं असेल तर आधी तासगावच्याच एखाद्या जाणत्या वकिलाला कागद दाखवा. मुलाचं नाव जुन्या पासपोर्टात, नव्या पासपोर्टात आणि ओसीआय कार्डात एकसारखं राहील एवढं त्याला आत्ताच बघायला सांगा. उद्या वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यासमोर तो आणि हा माणूस एकच, हे दाखवण्यासाठी हेलपाटे पडायला नकोत.