पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट का दिसतो?

प्रश्न : ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून पौर्णिमेला चंद्र पाहिला. नुसता पांढरा उजेड. विवरे जवळजवळ दिसलीच नाहीत. दुर्बीण कमी पडते का?

उत्तर : दुर्बीण पुरेशी आहे, दिवस चुकला. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्याच मागे दडते. त्या रात्री टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे पाहावेत. ते मात्र तेव्हाच सर्वांत छान दिसतात.

उंचसखलपणा पाहायचा तर उजेड-अंधाराच्या सीमेवर, म्हणजे टर्मिनेटरवर, नजर ठेवा. तिथे सूर्य नुकताच उगवत किंवा मावळत असतो. ‘रुपेस रेक्टा’ ही सरळ कडा घ्या : लांबी सुमारे ११० किलोमीटर, उंची जेमतेम ३०० मीटर. पृथ्वीवरून चंद्रावरचे १.९ किलोमीटर म्हणजे अवघी एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग), तेव्हा ही उंची एरवी दिसणे शक्यच नाही. पण सूर्य क्षितिजावर १ अंश असताना ३०० मीटरची सावली १७ किलोमीटर पडते! ५ अंशांवर ती साडेतीन किलोमीटरांच्या आत येते, ४५ अंशांवर फक्त ३०० मीटर उरते. तिथला सूर्य तासाला जेमतेम अर्धा अंश चढतो, म्हणून संध्याकाळी पाहिलेली जागा मध्यरात्री पुन्हा पाहा. शुक्ल अष्टमी-नवमीला ही कडा काळी रेघ दिसते. कृष्ण अष्टमीच्या सुमारास ऊन थेट उतारावर पडते आणि तीच रेघ पांढरी होते.

शुक्ल नवमीनंतरच्या एक-दोन रात्रींत कोपर्निकस गाठा. ९३ किलोमीटर रुंदीच्या या विवराचा तळ आधी काळा कुळकुळीत असतो, पश्चिमेची पायऱ्यापायऱ्यांची भिंत तेवढी उजळते. मग मधल्या शिखरांवर ऊन येते. ८० ते १०० पट वर्धन पुरे. हवा थरथरत असेल तर वाढवू नका, चित्र फक्त धूसर होईल.

प्रश्न : फोटोतली विवरे मधूनच टेकड्यांसारखी फुगलेली का वाटतात?

उत्तर : उजेड वरून येतो हे मेंदूने धरलेले असते आणि दुर्बिणीतली प्रतिमा बहुधा उलटी असते. आधी सूर्याची बाजू ठरवा. खड्ड्यात सावली सूर्याकडच्या भिंतीलगत पडते, टेकडीची सावली विरुद्ध बाजूला. तरीही पटेना, तर फोटो १८० अंश फिरवा.