स्कूबा डायव्हिंगच्या वेळी मला बोट लागते. पाण्याखालीच उलटी झाली तर काय करायचं?

मलाही बोट लागते, आणि चांगलीच लागते. तरी डायव्हिंग सुटलेलं नाही, म्हणून लिहिते.

आधी उलटीचं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं तोंडातलं यंत्र, तोंडातून काढायचा नाही. हाताने घट्ट धरायचा आणि सरळ त्यातच ओकायचं. किळसवाणं आहे खरं, पण ओकल्यावर माणूस नकळत जोरात श्वास ओढतो आणि त्या क्षणी तोंड मोकळं असेल तर पाणी आत जातं. मग रेग्युलेटरवरचं पर्ज बटण दाबून हवेच्या झोताने घाण उडवायची आणि पहिला श्वास जपून घ्यायचा. काही अडकलंच तर ऑक्टोपस, म्हणजे जोडीचा जादा रेग्युलेटर, आहेच. मी हे एकदा 5 मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याला, एका हाताने दोरी धरून केलंय. क्षणात मासे जमले. मेजवानीच होती त्यांची!

तिथेच का ढवळलं? कारण लाटांचं हेलकावणं वर जास्त आणि खोल जाऊ तसं कमी. खाली मी ठणठणीत होते. एरवीही मला खरा त्रास बोटीवरच होतो: कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात स्थिर आहे, आणि पोट बिचारं मध्ये सापडतं. म्हणून गिअर बोट सुटण्याआधीच जोडून ठेवते. हलत्या बोटीत खाली मान घालून बकल लावत बसलं की संपलंच. बसायचं बोटीच्या मध्यावर, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर. पाण्यात उतरणाऱ्यांत पहिला नंबर लावायचा.

मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते आणि पाण्याखाली गुंगी नको, म्हणून डॉक्टरांना विचारून आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी जमिनीवर घेऊन बघा. उपाशीपोटी जाऊ नका. उलट्या झाल्या असतील तर पाणी पीत राहा. अंगातलं पाणी कमी झालं की डीकम्प्रेशनचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा) धोका वाढू शकतो. थांबतच नसतील तर त्या दिवशी डाइव्ह नको.

आणि डाइव्हनंतरच्या मळमळीला दरवेळी ‘बोट लागली’ म्हणू नका. सोबत सांधे दुखत असतील, मुंग्या येत असतील, तर ते डीकम्प्रेशन असू शकतं; लगेच ऑक्सिजन आणि डॉक्टर. एकाच ठिकाणी टाक्या भरलेल्या दोघा-तिघांचं डोकं दुखून मळमळतंय? मग टाकीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्या टाक्या कुणालाच वापरू देऊ नका.