वाचकांचे प्रश्न : गावचा पैसा आधी कुठे लावायचा?

प्रश्न : आमचं गाव रावेर तालुक्यात, सगळीकडे केळी. ग्रामपंचायत पेव्हर ब्लॉक आणि कमानीवरच खर्च करते, गटारी मात्र तुंबलेल्या. आम्ही काय मागायचं?

उत्तर : दादा, आधी पाणी मागा. केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता, म्हणजे गटार, शोषखड्डे, पावसाचं पाणी जिरवणं, त्यामुळे तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि विचाराच. दुसरं म्हणजे बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट तपासून घ्या, केळीला खत भरपूर पडतं, ते झिरपत खाली जातं, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही बरं का, तान्ह्या बाळांना त्याचा धोका जास्त. हे सगळं विकास आराखड्यात लेखी घालायला लावा, नुसतं तोंडी नको. साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघून या, तिथे लोकांनी जंगल राखलं, पाणी अडवलं, त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कमान नंतर बांधता येईल की!